गेम वाचले, मासिकं रद्दीत

माझ्याकडे एका जुन्या गेमिंग मासिकाचा अंक आहे. त्यातल्या एका पानाला चौकोनी भोक आहे. आधीच्या मालकाने वर्गणीचं कूपन कात्रीने नीट कापून घेतलं, पाठवून दिलं आणि पुढचे बारा अंक बहुधा त्याला घरपोच मिळाले. त्याची काहीच चूक नाही, कूपन कापण्यासाठीच छापलं होतं. पण त्या कूपनाच्या पाठीवर एका गेमचं परीक्षण होतं. पहिले दोन परिच्छेद शाबूत आहेत. समीक्षक हळूहळू तापत चाललाय हे कळतं, आणि तो निकाल देणार नेमक्या त्या ठिकाणी भोकातून पुढच्या पानावरची जाहिरात दिसते.

तो गेम मला पाच मिनिटांत सापडला. एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम, सुरू केला, तासभर खेळलो. सगळं जागच्या जागी होतं, एक बिट इकडचा तिकडे नाही. तो बाजारात आला तेव्हा कुणाला काय वाटलं, ते मात्र कात्रीबरोबर गेलं.

जुने गेम जपण्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं आणि ते चांगलंच आहे. पण त्या बोलण्यात एक गृहीतक असतं, की गेमची प्रत मिळाली म्हणजे इतिहास हाती आला. मला हे पटत नाही. मासिकं ही गेमच्या सोबतची सजावट नव्हती, ती गेमचा भाग होती. त्यांना जपण्याचं काम चार छंदिष्टांच्या फावल्या वेळावर आणि कंपन्यांच्या लहरीवर सोडून देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. ग्रंथालयांना ती स्कॅन करून कुणालाही वाचायला खुली करण्याचा कायदेशीर अधिकार मिळायला हवा, आणि तोही मासिकाच्या मालकाला शोधत दारोदार न हिंडता.

गेम वाचले आणि मासिकं मागे पडली, याचं एक कारण अगदी साधं आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये मावतो. गेमची कार्ट्रिज, म्हणजे ती प्लास्टिकची डबी, यंत्राला लावा, डेटा उतरवून घ्या, आधीच्या प्रतीशी ताडून पाहा, संपलं. प्रत बरोबर आहे की नाही ते चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, सांगतो. मासिकाचं एकच पान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं आणि फाइलचा आकार न दाबता ठेवलं, तर नव्वदेक मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एका पानाच्या जागेत दोन हजारांवर मारिओ बसतील! आणि स्कॅन करणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. गोंदाने बांधलेला अंक काचेवर सपाट बसत नाही, म्हणून गोंद गरम करून पानं सुटी करावी लागतात, नाहीतर कणाच कापावा लागतो. पिनांच्या अंकात पिना गंजलेल्या असतात आणि गंज कागदात उतरलेला असतो. ओल लागलेली चकचकीत पानं एकमेकांना अशी धरून बसतात की सोडवताना एका पानाची शाई दुसऱ्यावर जाते. छपाईचे बारीक ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत गुंतून पडद्यावर लाटा उठतात, त्या वेगळ्या काढायच्या. दीडशे पानांचा अंक एक संध्याकाळ खातो, कधी दोन. शेवटी सगळं नीट झालं का हे सांगायला चेकसम नसतो. डोळे फोडून बघायचं.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्कच्या साथीने एक पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असं तिच्यात दिसलं. आकडा गाजला. पण विकत मिळत नाही म्हणजे नाहीसं झालं असं नव्हे. त्यातल्या बहुतेकांच्या प्रती कुणाच्या ना कुणाच्या हार्ड डिस्कवर आहेत, नियमात बसोत वा न बसोत. मासिकाचं तसं नसतं. गेम कपाटात राहतो आणि महिना संपला की मासिक रद्दीत जातं.

आता 'गेमचा भाग' असं मी म्हणतो तेव्हा ती अतिशयोक्ती वाटू शकते. म्हणून १९८६ चा पहिला 'झेल्डा' हा साहसी गेम घ्या. त्यात काही झुडपांखाली गुप्त जिने आहेत. झुडूप जाळलं की जिना दिसतो. कोणतं झुडूप जाळायचं याची खूण बहुतेक ठिकाणी नाही. सुरुवातीला मिळणारी निळी मेणबत्ती एका पडद्यावर एकदाच पेटते, पुन्हा पेटवायची तर बाहेर जाऊन परत या. आजचा माणूस हा गेम एम्युलेटरवर उघडतो, वीस मिनिटं झुडपं जाळतो आणि 'जुने गेम उगीच छळतात' म्हणून बंद करतो. त्याचं निदान चुकतं. बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की खेळणारा एकटा नसेल. त्याच्याकडे सोबत आलेला नकाशा असेल, मित्र असतील, मासिक असेल. गेमचा काही भाग यंत्रात होता आणि काही भाग कागदावर. आपण कागद फेकून दिला आणि यंत्रातला भाग अपुरा म्हणून त्याला नावं ठेवतोय.

यावर कुणी म्हणेल, मग इंटरनेटवर सगळी उत्तरं आहेतच की. आहेत, आणि तिथेच गंमत जाते. तिथे प्रत्येक पावलाचं उत्तर आहे. मासिकातला नकाशा अर्धा असायचा, शेवटचे टप्पे बऱ्याचदा मुद्दाम गाळलेले, 'पुढचं तुम्हीच शोधा' अशी ओळ टाकून. हे सांगणं आणि लपवणं कुणीतरी विचार करून ठरवलेलं होतं. मी हल्ली जुना गेम खेळताना पडद्याशेजारी त्याच वर्षीच्या मासिकाचं स्कॅन उघडून ठेवतो, आणि तेवढंच बघतो जेवढं त्या महिन्यात वाचकाला माहीत होतं. एम्युलेटरमधलं कुठेही गेम गोठवून ठेवण्याचं बटणही वापरत नाही. तास दीड तास चिडचिड होते, कबूल. पण मग एखादं दार उघडतं तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या माराव्याशा वाटतात.

दुसरं उदाहरण डोळ्यांचं. १९९१ च्या 'सॉनिक'मधले धबधबे आजच्या पडद्यावर बघा, उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते. धबधब्यावर कुणी पडदा टांगलाय की काय असं वाटावं. हा गेम ज्यावर चालायचा, सेगा कंपनीच्या त्या यंत्रावर खरी पारदर्शकता दाखवणं अवघड होतं, म्हणून चित्रकारांनी एक रेघ पाण्याची आणि एक रेघ मोकळी अशी रचना केली. साध्या व्हिडिओ केबलमधून जाताना आणि जुन्या काचेच्या टीव्हीवर उमटताना शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे आणि पाण्यातून पलीकडचं दिसायचं. गेमची फाइल कितीही तंतोतंत असली तरी ही गोष्ट तिच्यात नाही. ती टीव्हीच्या काचेवर घडत होती. मासिकांचे छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत टीव्हीसमोर तिपाई रोवून, गेम थांबवून, कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून पडद्याचे फोटो काढायचे. त्या फोटोंत काचेचा बाक दिसतो, रंग पसरलेले दिसतात. गेम कसा *दिसायचा* याचा तो पुरावा आहे.

काही गेम तर मुळात कागदावरच जन्मले. ऐंशीच्या दशकात घरगुती संगणकांच्या मासिकांत पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून यायचे. वाचकाने ते बघून टाइप करायचे. 'डेटा' या शब्दापुढे आकड्यांच्या रांगा, एक आकडा चुकला की गेम चालायचा नाही, किंवा चालायचा पण राक्षसाला डोकं नसायचं. 'कंप्यूट्स गॅझेट'ने तर प्रत्येक ओळ टाइप करताक्षणी तपासणारा एमएलएक्स नावाचा छोटा प्रोग्रॅमच वाचकांना दिला होता. आणि कधी चूक वाचकाची नसायची, छापखान्याची असायची. मग पुढच्या एखाद्या अंकात कोपऱ्यात दुरुस्ती यायची. म्हणजे गेम एका अंकात आणि त्याची दुरुस्ती दुसऱ्या अंकात. संग्राहक लोक देखण्या मुखपृष्ठांचे सुटे अंक जमवतात आणि भिंतीवर लावतात. लावा बापडे. पण इतिहासाला ओळीने सगळे अंक लागतात, कंटाळवाणे सुद्धा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र एका थापेचं आहे. 'स्ट्रीट फायटर २' या मारामारीच्या गेममध्ये रियू हे पात्र जिंकल्यावर एक वाक्य बोलायचं. मूळ जपानीत ते त्याच्या उसळत्या ठोशाबद्दल होतं, शोर्यूकेनबद्दल. इंग्रजी भाषांतरात त्या ठोशाच्या नावातली अक्षरं चिनी उच्चाराने 'शेंग लाँग' अशी उतरली, आणि वाक्याचा अर्थ झाला की जिंकायचं तर शेंग लाँगला हरवा. झालं, हा शेंग लाँग कोण म्हणून जो तो शोधत सुटला. अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने एप्रिल १९९२ च्या अंकात त्याला भेटण्याची कृतीच छापली. रियू घ्यायचा, एकही फटका न खाता शेवटचा प्रतिस्पर्धी एम. बायसन याच्यापर्यंत पोचायचं, तिथे ना मारायचं ना मार खायचा, वेळ संपवत संपवत बरोबरी करत राहायची. मग म्हातारा शेंग लाँग येतो आणि बायसनला उचलून फेकतो. सोबत फोटोही होता. मजकूर पाठवणाऱ्याचं नाव होतं डब्ल्यू. ए. स्टोकिन्स (इंग्रजीत सलग वाचा, 'वेस्ट टोकन्स', म्हणजे नाणी वाया घालवा). एप्रिलफूल. पण किती पोरांनी त्या पायी किती नाणी यंत्रात घातली असतील याचा हिशेब कोण देणार? दुसऱ्या मासिकांनी ही बातमी खरी समजून उचलली. १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'त गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने अकुमा नावाचं छुपं पात्र आणलं. ते बायसनला क्षणात लोळवतं आणि मग तुमच्यासमोर उभं राहतं.

हा सगळा इतिहास गेमच्या फाइलमध्ये शोधून सापडणार नाही, कारण फाइलमध्ये शेंग लाँग नाहीच. मिथक राहत होतं ते गेम आणि कागद यांच्या मधल्या जागेत. आणि ती थाप होती हे कळायला छापलेलं पानच हवं, महिन्यासकट. नुसता मजकूर उतरवून ठेवला आणि 'एप्रिल' गाळला, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी गंभीर चेहऱ्याने लिहील की मूळ गेममध्ये एक पात्र होतं, पुढे काढून टाकलं.

कागद हरवला की काय होतं याचा नमुना 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानमध्ये तो १३ सप्टेंबर १९८५ ला आला. अमेरिकेत कधी आला? जगातल्या सर्वात प्रसिद्ध गेमपैकी एक, अजून चाळीसेक वर्षांपूर्वीचाच, आणि त्या तारखेवर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन स्थापन करणाऱ्या फ्रँक सिफाल्डी यांनी २०१२ मध्ये याचा छडा लावायचा प्रयत्न केला, तर हाताला परस्परांशी न जुळणारे पुरावे लागले. कारण शोधायला लांब जायला नको. १९८३ नंतर अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला, त्याबरोबर मासिकंही गेली. १९८१ साली निघालेलं 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' १९८५ मध्ये संपलं. मारिओ आला तेव्हा नोंद करायला दारात कुणी उभंच नव्हतं. जवळजवळ कुणीच. 'कंप्यूटर एंटरटेनर' नावाचं एक साधंसुधं, चित्रांचा थाट नसलेलं वार्तापत्र त्या पडझडीतही निघत राहिलं आणि कोणता गेम कधी आला याच्या याद्या छापत राहिलं. आज त्या काळाच्या तारखा ठरवताना अभ्यासक त्याच्याकडे धाव घेतात. मुखपृष्ठ भिंतीवर लावावं असं त्यात काहीही नव्हतं.

आता आक्षेप. पहिला म्हणजे ही मासिकं जाहिरातीच होत्या. खरं आहे. जाहिरातदाराच्या गेमला शिव्या घालणं संपादकाला परवडायचं नाही, आणि १९८८ मध्ये निघालेलं 'निंटेंडो पॉवर' तर मारिओ आणि झेल्डा बनवणाऱ्या निंटेंडोचंच होतं. पण म्हणूनच ती ठेवायची. कंपन्या मुलांना काय विकत होत्या, कोणत्या शब्दांत, आणि नव्वदच्या दशकातल्या जाहिरातींत मुली कुठे होत्या (बहुधा नव्हत्या, किंवा होत्या त्या लाज वाटावी अशा), हे त्या पानांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. कुणी स्कॅन करताना जाहिराती वगळतं तेव्हा मला हात धरावासा वाटतो. परीक्षणं एकवेळ गाळा, जाहिराती ठेवा.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. 'आमच्या वेळी' छापाच्या उसाशांचा मलाही वीट आहे. जुने गेम महान होते असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ गेम टाकाऊ होते, आणि ते टाकाऊ होते हे त्याच महिन्यात कुणीतरी छापून ठेवलंय. आठवणी गोड होत जातात, छापील शब्द तसाच राहतो. स्मरणरंजनावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

तिसरा आक्षेप खरा जड आहे, कॉपीराइटचा. एका अंकात संपादकांचा मजकूर, बाहेरच्या लेखकांचे लेख, चित्रकारांची चित्रं, कंपन्यांचे फोटो, वाचकांची पत्रं, सगळ्यांचे हक्क वेगवेगळे. प्रकाशनसंस्था तीनदा विकली गेलेली. परवानगी मागायची कुणाकडे? नव्या मालकाला ते मासिक आपलं आहे हे माहीतही नसतं. आणि वाट बघायची म्हटलं तर अमेरिकी कायद्यात कंपनीच्या नावे छापलेल्या मजकुराला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. 'निंटेंडो पॉवर'चा पहिला अंक २०८४ मध्ये मोकळा होईल. तोवर गोंद सुटलेला असेल. २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावरून त्याच मासिकाचे शंभराहून अधिक अंक निंटेंडोच्या सांगण्यावरून काढून टाकले गेले. हक्क त्यांचाच, वाद नाही. पण ते अंक ती कंपनी विकतही नव्हती. न विकणं आणि न दाखवणं, हे दोन्ही एकदम करण्याचा हक्क किती वर्षं असावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

याला वाट नाही असंही नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात 'बाजारात न मिळणाऱ्या कृतीं'साठी वेगळी तरतूद केली आहे. ग्रंथालयं, संग्रहालयं अशा कृती नफ्याशिवाय लोकांना उपलब्ध करून देऊ शकतात, आणि मालकाला नको असेल तर तो आपली कृती त्यातून काढून घेऊ शकतो. म्हणजे ओझं फिरवलं. आधी ग्रंथालयाने मालक शोधायचा होता, आता हरकत असलेल्या मालकाने पुढे यायचं. मला हे न्याय्य वाटतं. ज्याला आपल्या वस्तूची किंमत आहे तो येईलच. उलट अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये, बंद पडलेले गेम अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची ग्रंथालयांची मागणी कॉपीराइट कार्यालयाने नाकारली. लोक अभ्यासाच्या नावाखाली मजा करतील, ही भीती. मजा! गेमचा अभ्यास मजा न करता कसा करायचा हे कुणी सांगितलं तर मी ऋणी राहीन.

मालकांच्या भरवशावर राहिलं की काय होतं हेही ताजं आहे. 'गेम इन्फॉर्मर' हे १९९१ पासूनचं मासिक २ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं, आणि त्याच दिवशी त्याच्या संकेतस्थळावरचा सगळा मजकूर जाऊन निरोपाचं एक पत्र उरलं. मार्च २०२५ मध्ये नवा मालक मिळाला, मासिक परतलं, आनंद आहे. पण मधल्या महिन्यांत शाबूत काय होतं? लोकांच्या कपाटातले छापील अंक. चांगल्या मालकीचंही उदाहरण देतो. 'कंप्यूटर एंटरटेनर'चे हक्क व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने मिळवले आणि ते कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली खुलं केलं. त्यांच्या ग्रंथालयात २०२५ पासून दीड हजारावर बंद पडलेले अंक शब्द घालून शोधता येतात. शोधता येणं ही साधी गोष्ट नव्हे. नुसती पानांची चित्रं म्हणजे कुलूप न लावलेलं पण दिवा नसलेलं गोदाम.

स्कॅन करणाऱ्यांशीही माझा एक वाद आहे, जरा घरगुती. ते पानं फार स्वच्छ करतात. पिवळेपणा घालवतात, डाग पुसतात, पेन्सिलीच्या खुणा मिटवतात, अंक काल छापल्यासारखा दिसेपर्यंत थांबत नाहीत. वाचायला ती प्रत छानच. पण कच्चं स्कॅनही ठेवा ना शेजारी. जागा लागते म्हणता, तर लागू दे.

कूपन कापलेल्या त्या अंकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर, समासात, पेन्सिलीने एक जाळी काढली आहे. पाच आडव्या, पाच उभ्या, पंचवीस घरं, त्यात नऊ ठिपके. 'मेगा मॅन २' या गेमचा पासवर्ड, म्हणजे खेळ थांबला तिथून पुढे सुरू करायची खूण. कागद हाताशी नव्हता म्हणून कुणीतरी जवळचं मासिक ओढलं असणार. मी ते ठिपके एम्युलेटरमध्ये भरले. पहिल्यांदा गेमने ते नाकारले, कारण एका डागाला मी ठिपका समजलो होतो. भिंग घेऊन बसलो, डाग सोडला, खरा ठिपका धरला. पडद्यावर आठ शत्रूंच्या आठ चौकटी आल्या, हरवलेल्यांच्या सात रिकाम्या. एकटा क्विक मॅन उरला होता.